कंपनीची काडी

माझी स्वतःची एक रेल्वे कंपनी होती. खरी नव्हे. खऱ्या रेल्वेत मी गोंदियाच्या मालधक्क्यावर साधा कारकून होतो. छोट्या लाईनीने आलेली तांदळाची पोती हमाल पाठीवरून मोठ्या लाईनीच्या डब्यांत चढवायचे आणि मी शेजारी उभा राहून पोती मोजत वहीत खुणा करायचो. दोन्हीकडच्या रुळांमधलं अंतर सारखं नाही, म्हणून इकडचा डबा तिकडे जात नाही. एवढ्याच गोष्टीवर माझी नोकरी चालली होती.

माझी कंपनी त्याही आधीची. आजोबांच्या काळात चार मालगुजार जमीनदारांनी मिळून ती काढली, बोदलकसा ते सौंदड अशी जंगलातून लाईन टाकली आणि खरी रेल्वे आल्यावर ती बुडाली, असा सगळा इतिहास मी वहीत लिहून ठेवला होता. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं, पण डबे खरे होते. चहाच्या पेटीच्या फळ्यांचे, गेरूने रंगवलेले, वीतभर लांबीचे अकरा डबे. चाकं लाकूड कातणाऱ्या खराद्याकडून करून आणायची आणि छत्रीच्या तारेवर बसवायची. दोन चाकांमधलं अंतर मोजायला बांबूची एक काडी होती. घरात तिला सगळे कंपनीची काडी म्हणायचे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी गावोगावचे पाहुणे आमच्या फुलचूरला आले, की ओसरीवर बांबूच्या कांबींचे रूळ मांडून मी गाडी ओढायचो. वडील खाटेवर बसून बघायचे. तोंडाने कधी बरं म्हणाले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. मला तेवढं पुरत होतं.

मग धाकट्या बहिणीचं लग्न झालं. जावई सौंदडचा, धानाची शेती करणारा. पहिल्या दिवाळसणाला त्याने माझे डबे पाहिले, वही वाचली आणि हरखून गेला. पुढे पोळ्याला आला तो टोपलीत एक गार्डचा डबा घेऊनच. लढाईचे दिवस, पत्रा कुठे मिळत नव्हता, तरी या बाबाने रॉकेलच्या जुन्या डब्याचं छप्पर ठोकलं होतं. दाराला बिजागऱ्या होत्या. आत गार्डाला बसायला बाक होता, बाकाखाली कंदील ठेवायची जागा होती. माझ्या वहीतल्या एका ओळीवरून त्याने हे सगळं केलं होतं.

वडिलांनी तो डबा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. दार उघडलं, लावलं, परत उघडलं.

"पाय ना, कसं काम हाय!" ते मला म्हणाले. "तुह्या डब्याइचे दरवाजे तं नुसते रंगवलेले हायेत."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दिवाळीपर्यंत थांबलं नाही. कंपनी माझी, मालगुजार माझे, आणि वडिलांच्या मांडीवर डबा त्याचा! येणाऱ्याजाणाऱ्याला ते तोच दाखवायचे. शेजारी विचारायचे, हे सगळं जावयाने केलं का? वडील नाही म्हणायचे नाहीत.

पोळा आटोपून निघताना जावयाने काडी मागितली. "भाऊ, मी चाकं अंदाजानं बसवून राहिलो. माप देऊन ठेवा ना, पुढचे डबे बराबर बसतीन."

मी त्याला काडी दिली. पण ती नवी कापून दिली, जुन्या काडीपेक्षा धानाच्या एका दाण्याइतकी जास्त लांब. रुळांच्या बाबतीत एक दाणा किती होतो, हे गोंदियाच्या मालधक्क्यावर जन्म घालवणाऱ्याला शिकवायला नको. मंडईच्या दिवशी माझे अकरा डबे सुरळीत चालतील आणि त्याचे देखणे डबे सगळ्यांदेखत रुळांवरून उतरतील, एवढंच मला हवं होतं. तसं व्हावं म्हणून मी देवालाही हात जोडले. आता लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

मंडईच्या आठवड्यात धक्क्यावर मालाची गर्दी उसळली. मी दोन दिवस घरी फिरकलो नाही. त्यात जुन्या रुळांना वाळवी लागलेली निघाली. मंडईच्या सकाळी मी घरी पोचलो, तर ओसरीभर नवेकोरे रूळ मांडलेले. जावई गुडघ्यावर बसून शेवटचा खिळा ठोकत होता.

"तुमाले सवड नोहोती भाऊ, म्हणून मीच टाकले," तो म्हणाला. "सारे कंपनीच्या काडीनं मोजून."

मी काही बोलायच्या आत ओसरी माणसांनी भरली. त्याच काडीने चाकं बसवलेले त्याचे चार डबे आधी निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखे गेले. मग वडील म्हणाले, "आता जुने लावा." माझा पहिला डबा रुळांच्या मधे घसरून आडवा झाला. दुसराही. तिसऱ्याला लोक हसायला लागले.

"काऊन रे?" वडील म्हणाले. "तुह्याच कंपनीत तुहेच डबे चालत नाहीत?"

जावयाने कमरेची काडी काढली आणि रुळांना लावली. बरोबर बसली. मग माझा पडलेला डबा उचलून त्याने ती त्याच्या चाकांना लावली. काडी एक दाणा जास्त होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं, हे मला तिथेच कळलं.

त्याने काडी मुठीत झाकली. "चूक माही हाय मामाजी," तो वडिलांना म्हणाला. "रूळ मीच रुंद टाकले."

"असू दे, पहिल्यांदाच टाकले," वडील म्हणाले. मला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्याने मला चारचौघांत वाचवलं, त्याचे आभार मानायचे सोडून मला त्याच्या मोठेपणाचाही हेवा वाटला.

दुपारी सगळे मंडईत गेल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याच्या हातात ती काडी होती.

"भाऊ, खरी काडी कोणती होय?"

माझी जुनी काडी माझ्याच खिशात होती. ती काढून पुढे केली असती तर कंपनी माझी राहिली असती. पण मग मी काय केलं तेही तोंडाने सांगावं लागलं असतं, आणि तेही त्याला.

"तुमच्याजवळ आहे तीच," मी म्हणालो.

तो काडी कमरेला खोचून उठला. मग "बरं" म्हणाला, पक्कड घेतली आणि माझ्या अकराही डब्यांच्या चाकांमधलं अंतर एकेक दाणा वाढवायला बसला. जुनी काडी मी चुलीत घातली.