सुरगाण्यात आलेली घंटागाडी

टीव्हीवरची माझी कारकीर्द मटारच्या टरफलांमुळे संपली. टरफलं वीस किलो मटारची होती, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

आधी कारकीर्द म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई फेकतेय. शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार वाचायला मी उभी राहायचे. (पुस्तकातले पाठ होत नसत, म्हणून रोज स्वतःच बनवायचे. बाईंना सहा महिन्यांनी कळलं.) मग कॉलनीच्या गणपतीत माईक हातात आला: "निळा शर्ट घातलेला ओंकार स्टेजजवळ रडतोय, त्याच्या आईने घेऊन जावं!" ओंकारला आई मिळाली, पण मला काही माईक सोडवेना. पुढे लग्नात "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये" हे सांगणं, रिक्षात बसून साडीच्या सेलचा पुकारा करणं, असं करत करत मी आमच्या भागातल्या केबलवाल्या अण्णांच्या चॅनेलवर पोचले. रोज सकाळी साडेसात ते साडेआठ, लाइव्ह: 'चहा झाला का, नाशिक?' निवेदिका, मी, वैशाली!

स्टुडिओ पंचवटीत, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी साडेआठला सुरू व्हायची आणि मग खुर्चीसकट निवेदिका थरथरायची, म्हणून कार्यक्रम साडेआठला संपायचा. निवेदिका मी, मेकअप मी, पाहुण्यांचा चहा मी आणि टेबलावरचं पीठ पुसणारीही मीच! सात वर्षं हे केलं, आणि खरं सांगते, एक दिवस कंटाळा आला नाही. फक्त एक इच्छा होती. एकदा मुंबईच्या मोठ्या चॅनेलवर, खऱ्या सोफ्यावर बसून "सुप्रभात" म्हणायचं.

आणि एके दिवशी अण्णा धावत आले. "वैशाली, मुंबईच्या चॅनेलच्या चित्रे मॅडम त्र्यंबकला पूजेला आल्यात. त्यांची सकाळची अँकर सोडून चाललीये. परवा आपल्याकडे येऊन बसते म्हणाल्या. तुला बघायला!"

मी चाळिशीला टेकलेली. ही संधी गेली तर पुढची येणार होती ती थेट ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात.

"त्या काय बघणार?" मी विचारलं.

"प्रेक्षकांचे फोन. म्हणाल्या, लोकांशी बोलता आलं पाहिजे."

झालं! आमच्या कार्यक्रमाला सात वर्षांत नेमाने फोन करणारा माणूस एकच. एक निवृत्त काका. विषय कुठलाही असो, मधुमेह, मोदक नाहीतर म्युच्युअल फंड, ते समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्याची तक्रार करायचे. मुंबईच्या बाईंसमोर पाऊण तास कुत्रा कसा चालवणार? मग मी ठरवलं, फोन आपणच करायचे. म्हणजे आपल्या घरच्यांनी. (ही कल्पना संपूर्णपणे माझी होती. आजही घरात हे मला रोज ऐकवलं जातं.)

आदल्या दिवशी सकाळी, कार्यक्रम आटोपून, घरी रंगीत तालीम. मिलिंद, माझा नवरा, सातपूरला कारखान्यात क्वालिटी तपासतो. तो सायखेड्याचा टोमॅटोवाला झाला. सासरे, म्हणजे नाना, यांनी उभा जन्म मखमलाबादच्या मळ्यात कोबी-फ्लॉवर काढला. ते लासलगावचे कांदा उत्पादक. आणि सासूबाई तिकडे डोंगरातल्या सुरगाण्याच्या, नागली (म्हणजे नाचणी) पिकवणाऱ्या जिजाबाई.

मिलिंदने सुरुवात केली. "नमस्कार ताई..."

"थांब!" सासूबाई कडाडल्या. "बायकोला ताई म्हणतोस? लाज आहे का काही?"

"अगं आई, प्रेक्षक ताईच म्हणतात!"

"म्हणू दे प्रेक्षकांना. तू सात फेरे घेतलेस! मॅडम म्हण!"

यावर अर्धा तास गेला. त्यात चुलतसासऱ्यांच्या मळ्यातून वीस किलो मटार आलेला, वर्षाचा सोलून फ्रीजरमध्ये टाकायचा म्हणून सगळे एकीकडे सोलतायत, एकीकडे डायलॉग म्हणतायत. या गडबडीत खालून कचऱ्याची घंटागाडी आली आणि गेली, कुणाला पत्ताच नाही! टरफलांची तीन पोती तशीच राहिली. दोन गॅलरीत ठेवली. तिसरं मावेना, ते मी तळमजल्यावर जिन्याखाली सरकवून आले. रात्रीपर्यंत गॅलरीतून असा काही वास सुटला की शेजारच्या काकूंनी "कोणाचं काही मेलंय का?" म्हणून विचारलं.

"उद्याची गाडी चुकली तर मी घर सोडीन," सासूबाईंनी जाहीर केलं.

"नाही चुकणार, आई. गाडी नऊला येते, कार्यक्रम साडेआठला संपतो."

सगळं कसं मिनिटामिनिटाने बसवलं होतं!

परवाचा दिवस उजाडला. चित्रे मॅडम कॅमेऱ्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही, हातात पेन. हसणं नाही, बोलणं नाही. अण्णांनी आणलेला चहासुद्धा त्यांनी नुसता धरून ठेवला. प्रश्नांचा कागद मी इतक्या वेळा उघडला-मिटला की तो घडीवर फाटला. पावणेआठला निवृत्त काकांचा कुत्रा झाला. (तो त्या दिवशी नेमका जास्तच भुंकला होता.) आठ वाजता पहिला "आपला" फोन वाजला.

"नमस्कार, चहा झाला का? कोण बोलतंय?"

"नमस्कार... ताई!"

आणि त्याच्या मागून, अख्ख्या नाशिकला ऐकू जाईल असा आवाज: "अरे देवा! म्हणालाच शेवटी!"

चित्रे मॅडमचं पेन हललं. "तुमच्या घरात कुणीतरी आहे वाटतं," मी घसा खाकरत म्हटलं.

"हो. आई. म्हणजे माझी! सायखेड्याची!" मिलिंदने घाबरून फोनच ठेवला. टोमॅटोचं एक अक्षर न बोलता!

दुसरा फोन नानांचा. आवाज खणखणीत. "मी लासलगावहून बोलतोय. कांदेवाला." मला जरा धीर आला. "तुमचा कार्यक्रम रोज बघतो. पण एक सांगू का? तुम्ही फार हसता."

हे कागदावर नव्हतं.

"काय म्हणालात काका?"

"काल त्या बिचाऱ्यांच्या श्रद्धांजलीलाही हसलात. माणसाने जरा बेतानं हसावं. आणि चहात साखर कमी घालता!"

"मी?"

"म्हणजे... घालत असाल. चेहऱ्यावरून वाटतं तसं." फोन बंद.

म्हणजे सात वर्षं मनात साठवलेलं या माणसाने आज, लाइव्ह, लासलगावहून काढलं! मी ओठ बंद ठेवून हसायचा प्रयत्न केला. मॅडम आता जोरात लिहीत होत्या. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आठ वाजून बावीस मिनिटं. तिसरा फोन. आणि काय सांगू, सासूबाई कमाल होत्या! आवाजात गारवा, बोलण्यात ठहराव. "मी सुरगाण्याची जिजाबाई. आमच्याकडं लय थंडी हाय बाई. सकाळचं धुकं बघत बसलेय." चित्रे मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. ओठाच्या कोपऱ्यात, देवाशपथ, हसू! मी पुढे झुकले. "जिजाबाई, नागलीची भाकरी कशी करता, आमच्या शहरातल्या मैत्रिणींना सांगाल?"

"सांगते की. आधी पाणी उकळून घ्यायचं..."

आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं. फोनमधून. लांबून, बारीक. घंटागाडीचं गाणं.

आमच्या पुढच्या गल्लीत लग्नाचा मांडव घातला होता, म्हणून गाडी त्या दिवशी आधी आमच्याकडे वळली होती! हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की गाणं जवळ येतंय.

"...उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, घोटायचं, थापायचं, भाजायचं, झालं," जिजाबाईंचा ठहराव कुठल्या कुठे पळाला. "आणखी काही?"

मी घाईने म्हटलं, "छान! धन्यवाद जिजाबाई, पुन्हा भेटू..."

पण मागून लासलगावच्या कांदेवाल्याचा खणखणीत आवाज आला: "अगं आली! आली! पोती उचल!" आणि सायखेड्याचा टोमॅटोवाला ओरडला, "लिफ्ट बंद आहे!"

"थांबा हं मॅडम," जिजाबाई म्हणाल्या आणि फोन ओट्यावर ठेवून निघून गेल्या. तो चालूच!

आता नाशिकची माणसं मला समजून घेतील. घंटागाडी दारात उभी राहिली की आपण काय करत होतो ते माणूस विसरतो. पूजेतून उठतो. अर्धी दाढी तशी ठेवून जिना उतरतो. मी स्टुडिओत, कॅमेऱ्यासमोर, गालावर लाली लावून बसले होते, समोर माझं अख्खं आयुष्य वही घेऊन बसलं होतं, आणि माझे कान त्या फोनला चिकटलेले. चपला फटाफटा वाजल्या. पोतं फरफटत गेलं. नानांचं "हळू, फाटेल!" तीन मजले. गाडी थांबते दीड मिनिट. पोती दोन नेतायत. दोनच! तिसरं जिन्याखाली आहे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही!

मी स्वतःला सांगितलं, वैशाली, गप्प बस. सोफा, मुंबई, सुप्रभात. गप्प!

खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. एकदा. दुसऱ्यांदा हॉर्न झाला की तो निघतो, हे मला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत.

दुसरा हॉर्न वाजला.

"आई!" मी किंचाळले. "जिन्याखाली तिसरं पोतं आहे! ते राहिलं! आणि तुम्ही वाकू नका, गुडघे जातील, मिलिंदला घेऊ दे! मिलिंद! अरे मिलिंद, जिन्याखाली!!"

स्टुडिओत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही, अण्णा पडले. म्हणजे स्टुलावर बसले. कॅमेरामनचे खांदे हलत होते आणि त्याच्याबरोबर चित्रही, त्यामुळे भूकंप झाला की काय म्हणून निवृत्त काकांनी लगेच फोन लावला. (तो लागला नाही. लाइन जिजाबाईंनी धरून ठेवली होती.)

मी कॅमेऱ्याकडे बघत राहिले. रडू येत होतं आणि लाइव्ह रडायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. घरच्या टीव्हीवरची माझी आरोळी मात्र उघड्या दारातून जिनाभर, थेट गाडीवाल्यापर्यंत पोचली असावी, कारण दोन-तीन मिनिटांनी फोनमध्ये धापा ऐकू आल्या. आणि मग सासूबाईंनी, या बाईला मी मरेपर्यंत नमस्कार करीन, जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

"हां मॅडम. सुरगाण्याची जिजाबाई बोलतेय. तिन्ही पोती गेली. लय थंडी हाय!"

खाली गिरणी सुरू झाली आणि मी खुर्चीसकट थरथरायला लागले.

चित्रे मॅडमनी वही बंद केली. "सुरगाण्याला घंटागाडी कधी सुरू झाली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. मटारसुद्धा.

"फोन खोटे नसते ना, तर मी विचार केला असता," त्या म्हणाल्या. "कारण तासभरात तुमचा खरा आवाज एकदाच लागला. पोतं म्हणालात तेव्हा. काय आवाज होता तो! माझ्या हातातला चहा सांडला." साडीवरचा डाग दाखवून त्या गेल्या. मी स्टुडिओच्या जिन्यात बसून पोटभर रडले. नानांनी त्या संध्याकाळी माझ्या हातचा चहा साखर न मागता प्यायला, आणि त्यानेच मला जास्त रडू आलं.

त्यानंतर कार्यक्रमही फार टिकला नाही. आरोळीची क्लिप घरोघरच्या ग्रुपवर पोचली होती. दुसऱ्या दिवशी निवृत्त काकांचा फोन आला तर अण्णा मला 'हाही घरचाच का?' अशा खुणा करायला लागले, आणि मी विचारून बसले, "काका, तुम्ही नक्की खरे आहात ना?" काका जे रागावले ते रागावलेच. एकुलता एक प्रेक्षक गेला.

मग महिनाभराने एक अनोळखी फोन. मला वाटलं, मुंबई! "त्या क्लिपमधल्या पोत्यावाल्या ताई का? मी घंटागाडीच्या ठेकेदाराकडून बोलतोय. गाडीवर सूचना रेकॉर्ड करायच्या होत्या. तुमच्या आवाजाने लोक खाली येतील असं साहेबांचं म्हणणं आहे."

मी नाही म्हणणार होते. सासूबाई म्हणाल्या, "माईक आहे ना? मग हो म्हण."

आता रोज सकाळी मी आमच्या भागातल्या गल्लीगल्लीत बोलते. "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा! चला, लवकर या!" दारं उघडतात, माणसं पायात चपला नीट न घालता धावत येतात. नानांची तर छाती फुगते. "मुंबईच्या त्या अँकरसाठी पळतं का कुणी असं?" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.

फक्त आमच्या घरी पंचाईत होते. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत असते, खालून माझाच आवाज येतो आणि सासूबाई ओरडतात, "वैशाली, अगं तू आलीस! बादली घे, पळ, नाहीतर निघून जाशील!" मी बादली घेऊन पळते. लिफ्ट अजून बंदच आहे. काल मी तीन मजले उतरून धापा टाकत खाली पोचले, तोवर मी निघून गेले होते.