बी विंगची वीस मिनिटं

मुलांनो, आमच्या अंबरनाथच्या सोसायटीचे सेक्रेटरी तुम्ही एकदा पाहायला हवेत. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तरी शर्ट अजून कडक इस्त्रीचाच. रोज सकाळी घड्याळ बघून ते स्वतः पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतात. आमच्या ए विंगला वीस मिनिटं, चढावरच्या बी विंगलाही वीस. एक सेकंद इकडेतिकडे नाही.

आमच्या टाक्या भरून वाहतात. बी विंगचा निम्मा वेळ मात्र पाणी वर चढण्यातच जातो.

"दहा मिनिटं वाढवा ना, काका," बी विंगमधली एक सून मीटिंगमध्ये म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. रोज चादरी धुवाव्या लागतात."

"समानता म्हणजे समानता, बेटा," ते म्हणाले. "मीही बी विंगलाच राहतो, चौथ्या मजल्यावर. मी कधी तक्रार करतो का?"

खरंच करत नाहीत. त्यांच्या या सचोटीचं मला कौतुक आहे. रोज माझ्या नळावरून चार बादल्या जिन्याने वर नेतात त्या त्यांच्या पत्नी. मीटिंगमध्ये त्याच मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"अहो, समानता ना? मग उद्यापासून दोन बादल्या तुमच्या, दोन माझ्या."

दुसऱ्या दिवशी ते दोन बादल्या घेऊन निघाले आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली: ए विंग पंधरा मिनिटं, बी विंग तीस. खाली त्यांची ठसठशीत सही, आणि सहीच्या वर एक ओळ: "समानतेचे तत्त्व पूर्वीप्रमाणेच कायम आहे."