बंद डेअरीचा शोध

सहावीची पोरं घडाघडा वाचायची. पण पुस्तक मिटून ‘यात काय सांगितलंय?’ असं विचारलं, की सगळी खाली बघायची. ते दुष्काळाचं साल होतं. टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा वर्ग घागरी आणायला पळायचा. उरलेल्यांना मी एक दिवस विचारलं, “शाळेशेजारची सहकारी डेअरी बंद का पडली?”

“दूध न्हाई म्हणून,” एकजण म्हणाला.

“तुला कोणी सांगितलं?”

त्यानं शेजारच्याकडे बोट दाखवलं.

मग मी त्यांना कामाला लावलं. निदान दोघांना वेगवेगळं विचारायचं. त्यांनी स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, तेही लिहायचं. ग्रामपंचायतीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, ते चाळायचे.

एका पोरीनं हे फार मनावर घेतलं. आईबाप ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहायची. डेअरीचे जुने सचिव तिला म्हणाले, लोकांनी म्हशी विकल्या. शेजारचे काका म्हणाले, डेअरी बंद पडली म्हणूनच विकल्या.

“बाई, दोघंबी मोठी मानसं हायेत. मग खोटं कोन बोलतंय?”

“कदाचित कुणीच नाही. आधी काय झालं ते शोध.”

गठ्ठ्यात तिला चारा छावणी उघडल्याची बातमी तारखेसकट सापडली. ती तारीख धरून पोरगी घरोघर विचारत फिरली: म्हशी छावणीच्या आधी विकल्या की नंतर? आणि डेअरी? दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातूनच ओरडली, “आधी म्हशी गेल्या, बाई!”

त्याच पावसाळ्यात तिची आजी वारली. दिवाळीनंतर ऊसतोडीला न्यायला ट्रक आला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. “पोरीला माझ्याकडे ठेवते,” मी म्हणाले. तिच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं.

“वाढती पोर हाय,” तो म्हणाला. “लोकाच्या घरी कशी ठिवावी?”

पोरगी भांडी पोत्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

पाडव्यानंतर ती परतली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. पोरांनी लिहिलेला डेअरीच्या शोधाचा तक्ता भिंतीवर लागला होता, तो ती बोट फिरवत वाचत राहिली. मग म्हणाली, “हे अर्धंच हाय. तिकडं आमच्या कोपीशेजारच्या झोपड्यांत उमापूरकडच्या बाया होत्या. त्यांचीबी डेअरी तवाच बंद पडली. म्हंजी आपल्याच गावाचं कायी न्हवतं.”

मी तिच्या हातात पेन दिलं. तिनं खाली लिहिलं, पण अक्षर वेडंवाकडं झालं होतं. नवा धडा वाचायला दिला, तर जोडाक्षरापाशी अडखळली, लाजली आणि पुस्तक मिटून बसली.

सातवीत ती थोडेच दिवस आली. लग्न ठरल्याचं पोरांकडून कळलं. मी तिच्या बापाला कायदा सांगितला, तिचं वय सांगितलं. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं, चहा पाजला.

“बाई, तुमचं समदं खरं हाय. पर आमी वर्साचं सा म्हयने भायेर. पोरीकडं कोन बगनार?”

मी ग्रामसेवकांच्या कानावर घातलं. ते चौकशीला गेले, तेव्हा घराला कुलूप होतं. लग्न तिच्या मामाच्या गावी उरकलं होतं. त्या हंगामात ती नवऱ्याबरोबर साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेली.