क्लिअर म्हणजे काय

सौदीत, यान्बूला, आमची वसाहत कारखान्यांच्या जरा जास्तच जवळ होती. शहरातली चांगली घरं समुद्राकडे. आमची कंत्राटी कंपन्यांच्या माणसांसाठी बांधलेली, दोन मजली, पिवळट, एकाला एक चिकटून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत दिसायची. ती कधीच विझत नाही. पहिल्या वर्षी मला तिच्याकडे बघवत नसे. मग पोळ्या लाटता लाटता मान वर करून ती नीट आहे ना, एवढं पाहायची सवय लागली. ज्योत लहान आणि पिवळी असली की ठीक. ती फुगली, काळा धूर ओकायला लागली, की आत काहीतरी बिनसलंय हे मला न सांगता कळायचं.

वारा फिरला की सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. माझा नवरा त्याच रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. एकदा मी नाक मुरडून खिडकी लावली तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, ‘‘वास येतोय तोवर फार घाबरू नकोस. वाऱ्याची दिशा तीच आणि वास मात्र एकदम गेला, तर घाबर. हा वायू वाढला की आधी नाकच बंद पाडतो.’’ आणि त्याने आमटी वाढून घेतली. मला त्या दिवशी पुढचा घास गेला नाही.

शेजारच्या घरात एक तुर्की कुटुंब राहायला आलं. तो वेल्डिंगचा सुपरवायझर, ती घरी, आणि चार वर्षांची मुलगी. तिसऱ्याच दिवशी ती ताटलीत द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात घेऊन दारात उभी राहिली. मला ‘आब्ला’ म्हणाली. आब्ला म्हणजे ताई. तिला इंग्रजी शिकायचं होतं. मी सांगलीला शाळेत इंग्रजी शिकवत होते हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. आमच्या दोघींत सामायिक भाषा अशी नव्हतीच. तिचं मोडकंतोडकं इंग्रजी, माझे हातवारे आणि फोनवरचा अनुवाद, एवढ्यावर आमचं चालायचं. काही शब्द मात्र आपोआप जुळायचे. साबणाला ती साबून म्हणायची, पडद्याला पेर्दे. हवेला तर हवाच. तो शब्द सापडला तेव्हा आम्ही दोघी टेबलावर हात आपटून हसलो होतो.

सकाळी माझी मुलगी शाळेत गेली की शेजारीण यायची. तिची लेक टेबलाखाली बसून माझ्या डब्यांची झाकणं वाजवायची आणि आम्ही वर शब्दांची झाकणं उघडायचो.

वसाहतीत एकदा सुरक्षेची तालीम झाली. भोंगा वाजला, खांबावरच्या कर्ण्यातून खरखरत्या आवाजात सूचना आली, ‘‘क्लिअर द बिल्डिंग, क्लिअर द बिल्डिंग.’’ पिवळं जाकीट घातलेला एक माणूस दारं ठोठावत गेला आणि सगळ्यांना भिंतीपलीकडच्या पार्किंगमध्ये उभं केलं. ऊन मी म्हणत होतं. अर्ध्या तासाने पाण्याच्या बाटल्या वाटून आम्हाला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती हाच शब्द घेऊन आली. ‘‘आब्ला, क्लिअर म्हणजे बोशाल्तमाक? सगळ्यांनी बाहेर जाणं?’’

‘‘काल तसंच होतं,’’ मी म्हटलं. ‘‘पण नेहमी नाही.’’

तिने फोनमध्ये तो शब्द घातला. तुर्की अर्थांची रांग खाली सरकतच राहिली. मी एकेका अर्थाला उदाहरण देत गेले. पाण्याचा ग्लास उचलून दाखवला, हे पाणी क्लिअर. ती म्हणाली, बेर्राक. खिडकीबाहेर निळं आभाळ होतं, तेही क्लिअर. ते आचिक, म्हणजे उघडंही. मी बोलले ते समजलं, तर आन्लाशल्दी. गोष्ट उघड दिसतेय, तर बेल्ली. टेबलावरच्या वस्तू उचलून टेबल मोकळं केलं, तर आणखी वेगळा शब्द. घसा खाकरला तर त्यात ‘तेमिझ’ येतो, म्हणजे स्वच्छ. रांगेच्या अगदी तळाशी ‘ऑल क्लिअर’ होतं आणि त्यापुढे ‘तेहलिके गेच्ती’. तिने मुठी आवळल्या, डोळे मोठे केले, मग मुठी सोडून सुस्कारा टाकला. धोका टळला. तेहलिके म्हणजे धोका.

तिची हसू पळालेली मुद्रा मला आठवते. ‘‘एका शब्दात बाहेर जा, आणि त्याच शब्दात धोका टळला. मी ओळखू कसं?’’

‘‘आजूबाजूच्या शब्दांवरून.’’

‘‘आणि ते ऐकूच आले नाहीत तर?’’

मला कर्ण्याचा तो खरखराट आठवला. मग चहा ठेवायला उठले.

त्यानंतर रिफायनरीचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद करायचं काम सुरू झालं. दोघींचेही नवरे बारा-बारा तास बाहेर. माझा नवरा घरी येऊन आंघोळ करून पडून राहायचा. तिचा नवरा एका जुन्या पाइपलाइनवरून रोज कुणाशी तरी फोनवर भांडतो, असं ती सांगायची. काय भांडतो ते तिलाही नीट कळत नव्हतं. ‘‘जुनी आहे म्हणतो. आतून खाल्लेली,’’ एवढंच. त्या आठवड्यात ज्योत दोनदा फुगली. वास सकाळ-संध्याकाळ यायला लागला. आमच्या गल्लीत भटकणाऱ्या मांजरी मला कुठे दिसेनात. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘उन्हाने गेल्या असतील कुठे सावलीला.’’ पण त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

त्या दिवशी माझ्या मुलीला कणकण होती म्हणून ती घरीच होती. मी तिच्यासाठी मऊ भात लावला होता. कुकरची शिट्टी आणि भोंगा एकदमच वाजले. कुकर बंद केला तरी आवाज चालूच राहिला, तेव्हा कळलं. पाठोपाठ कर्ण्यातून आधी अरबी आणि मग इंग्रजी सूचना आली. निम्मे शब्द वाऱ्याने खाल्ले. मला शिकवण्याची सवय, म्हणून तुकडे जोडता आले: घरातच राहा, दारं-खिडक्या लावा, ऑल क्लिअर मिळेपर्यंत बाहेर पडू नका. तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला. ‘एसी बंद कर. बाहेरची हवा ओढतो. वरच्या मजल्यावर जा. खाली थांबू नको.’ पुढे काही नाही. मी फोन लावला तर लागला नाही.

‘‘आई, व्हॉट्स हॅपनिंग?’’ मुलगी जिन्यात उभी होती.

‘‘काही नाही. वर चल.’’

एसी बंद करून आम्ही वर गेलो. ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबले. एसी थांबल्यावर घर किती शांत होतं ते मला त्या दिवशी कळलं. भिंतींतून उष्मा आत यायला लागला. वास होता, भरपूर. मी नवऱ्याचं वाक्य मनाशी घोकत होते: वास आहे तोवर ठीक.

खिडकीच्या काचेतून खालची गल्ली दिसत होती. रिकामी. आणि त्या रिकाम्या गल्लीतून माझी शेजारीण चालली होती. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या खांद्यावर लेक. घाईने, पण न घाबरता. ती पार्किंगकडे निघाली होती, तालमीत जिथे उभं केलं होतं तिथे.

तिने एकच शब्द ऐकला होता.

मी काच बडवली. ऐकू जाणं शक्य नव्हतं. फोन लावला तर शेजारच्या भिंतीतून तिच्या फोनची रिंग ऐकू आली. फोन घरातच राहिला होता. पार्किंग आमच्या गल्लीपेक्षा खोलगट जागी आहे. पावसाचं पाणी तिथेच साठतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, हेही मला जेवणाच्या टेबलावरच कळलेलं होतं.

‘‘मी येते. हे दार उघडायचं नाही. बाबा आले तरच उघडायचं,’’ मी मुलीला सांगितलं.

‘‘डोन्ट गो, आई.’’ आणि मग, ती सहसा बोलत नाही त्या भाषेत, ‘‘नको ना जाऊ.’’

ओढणी नळाखाली धरून मी तोंडाला गुंडाळली. तिचा काडीचाही उपयोग नसतो, असं नवरा नंतर म्हणाला. दार उघडलं तेव्हा वास अंगावर आला. मी पळत सुटले. गल्लीच्या टोकाला भिंत संपते, तिथून पार्किंगचा उतार लागतो. मी उतारावर दहा-बारा पावलं गेले असेन आणि वास गेला. कुणीतरी झाकण लावावं तसा गेला. वारा तोच, तोंडावर येणारा, कारखान्यांकडून. 

ती समोर उभी होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. तिने मोकळा हात हवेत फिरवला, नाकाने मोठा श्वास घेऊन दाखवला.

‘‘हवा तेमिझ, आब्ला! कोकू योक. क्लिअर!’’ हवा स्वच्छ, वास नाही.

मी तिचा दंड धरून ओढलं. तिने हात सोडवून घेतला. कर्ण्याकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, क्लिअर, क्लिअर. मी सगळं इंग्रजी विसरले. मराठीत ओरडत होते बहुतेक, ‘‘अगं चल, मरशील!’’ तिच्या खांद्यावर पोरीची मान एका बाजूला कलली होती. झोपल्यासारखी. मग त्या लांबलचक रांगेच्या तळचा शब्द माझ्या तोंडात आला.

‘‘तेहलिके! तेमिझ योक! तेहलिके!’’

तुर्की व्याकरणात ते चूकच असणार. पण तिचा चेहरा पडला. तिने लेकीच्या गालावर चापट मारली. पोर हलली नाही. मग आम्ही दोघी उतार चढून पळालो. पोरीला कधी मी घेतलं आणि कधी तिने, ते मला आठवत नाही. माझं डोकं ठणकत होतं आणि गल्ली वाजवीपेक्षा लांब झाली होती.

वर आल्यावर मुलीने दार उघडलं. मी सांगितलेलं तिने ऐकलं नाही, हे बरंच झालं. आम्ही पोरीला फरशीवर कुशीवर ठेवलं. शेजारीण तिच्या कानाशी ‘कझम, कझम’, माझी लेक, माझी लेक, म्हणत होती. माझी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. किती वेळ गेला कोण जाणे. पोरीने उलटी केली आणि भोकाड पसरलं. कुणाच्या रडण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नंतरची वाट पाहणं वेगळंच होतं. खोलीत श्वास घ्यायला नको वाटावं इतकं उकडत होतं. शेजारीण माझ्या फोनवरून तिच्या नवऱ्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. अखेर कर्णा खरखरला. या वेळी शब्द नीट ऐकू आले, ‘‘ऑल क्लिअर. ऑल क्लिअर.’’ तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘तेहलिके गेच्ती,’’ मी म्हटलं.

तरी आम्ही कुणी जागच्या हललो नाही. माझा नवरा येऊन जिन्यातून हाक मारेपर्यंत टॉवेल तसेच होते.

त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. ती जुनी पाइपलाइनच फुटली होती. एक तुर्की वेल्डर आत अडकला म्हणून शेजारणीचा नवरा मास्क न लावता धावला. त्याला बाहेर काढलं, तो इस्पितळात होता, जिवंत. वेल्डर गेला. ‘‘तू सांगशील तिला?’’ नवरा म्हणाला, ‘‘मला नाही जमायचं.’’ फोनवरच्या अनुवादात मी ‘तो इस्पितळात आहे, जिवंत आहे’ एवढंच आधी घातलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती वाचताना मी तिचा हात धरून ठेवला होता.

पोरीला दोन दिवस इस्पितळात ठेवून सोडलं. आठवड्याने मी वसाहतीच्या ऑफिसात गेले. सूचना सोप्या शब्दांत द्या, तुर्की आणि उर्दूतही द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. तिथला साहेब सौजन्याने ऐकत होता. म्हणाला, ‘‘मॅडम, द मेसेज वॉज व्हेरी क्लिअर.’’ वसाहतीतलं वायूचं प्रमाण मर्यादेत होतं, असंही तो म्हणाला. मर्यादा किती आणि मोजलं कुठे, हे मी विचारलं. त्याने कॉफी मागवली.

महिन्याभरात शेजाऱ्यांचा फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा परवाना, लागला. तिचा नवरा काठी घेऊन चालत गाडीत बसला. तिने मला घट्ट मिठी मारली.   अधूनमधून तिचा फोन येतो. पोर शाळेत जाते. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण ती झोपेत उठून खिडक्या लावत फिरते, असं तिने मागच्या वेळी सांगितलं.

आम्ही अजून इथेच आहोत. नवऱ्याने जुबैलला बदली मागितली आहे. तिथेही असेच कारखाने आहेत, हे आम्ही दोघंही एकमेकांना सांगत नाही. शेजारच्या घरात गेल्या शुक्रवारी नवं कुटुंब आलं. बाईंच्या कडेवर तान्हं बाळ आहे. त्या नेपाळच्या की फिलिपिन्सच्या, मला अजून कळलेलं नाही. आज सकाळी वारा कारखान्यांकडून सुटला, तशी मी गॅस बंद केला आणि जाऊन त्यांचं दार वाजवलं.