आठाच्या पॅनेलवरची बाई

पंपघरात तिला सगळे आठताई म्हणत. तिथलं जुनाट पॅनेल बिघाडाचा आकडा आठाच्या हिशेबात दाखवायचं. सातनंतर थेट दहा. तो आकडा एक-शून्यात मोडला की कुठल्या झडपा अडकल्यात ते कळे, आणि ते मोडणं फक्त तिलाच जमे.

"ताई, वय काय तुमचं?" वायरमन चिडवायचा.

"घरी एक्केचाळीस, पॅनेलवर एक्कावन्न. आणि या बिनखिडकीच्या खोलीत बसून एक्कावन्नच वाटतं बघा!"

नवऱ्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तेव्हा लेकही त्याच्याबरोबर गेली. त्याला दोन वर्षं झाली. बदलीसाठी हिने तीनदा अर्ज केला. साहेब दरवेळी तोंडभरून कौतुक करत आणि म्हणत, "तुम्ही गेलात तर पॅनेल कोण वाचणार?" त्या कौतुकाचा तिला वीट आला होता.

सुट्टीत लेक आली ती सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन. "आई, यात बेस मोड आहे. ऑक्ट म्हणजे तुझा आठाचा हिशेब, ते दाबून पॅनेलवरचा बावन्न टाक. आता बिन दाब, म्हणजे एक-शून्य."

पडद्यावर आलं, १०१०१०. जिथे एक, ती झडप अडकलेली: उजवीकडून दुसरी, चौथी, सहावी. आईने वहीत करून पाहिलं, तंतोतंत तेच. एवढ्याशा डबीने आपल्याला इतकी वर्षं डांबून ठेवलेलं कुलूप उघडलं, असं तिला वाटलं. हसावं की रडावं कळेना.

तिने स्वतःसाठी तसलाच एक विकत घेतला आणि वायरमनला शिकवलं. "ताई, आठ दाबलं तर घेतच नाही हा!"

"आठाच्या हिशेबात आठ नसतोच रे बाबा."

आठवड्यात त्याने एकट्याने बिघाड शोधला, झडपा मोकळ्या केल्या. ती लगोलग नवा अर्ज घेऊन साहेबांकडे गेली.

"झकास!" साहेब खूश झाले. "वरच्या दोन्ही पंपघरांत अशीच पॅनेलं आहेत. तिथल्या माणसांनाही तुम्हीच तयार करा. बदलीचं मग बघू." अर्ज फायलीखाली सरकला.

"मग म्हणजे कधी, साहेब?"

"अहो, इतकं छान शिकवता, तुम्हाला सोडून आमचं कसं चालेल?"

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "काय झालं?"

"दोन पंपघरं वाढली," ती म्हणाली.

त्याच्या मागून लेकीने विचारलं, "बाबा, आई कधी येणार?" आणि त्याने फोन लेकीच्या हातात दिला.