चुलत्यांचे द्राक्षासव

त्या काळी मी कल्याणच्या शाळेत मास्तर होतो. माझा एक मित्र ठाण्याचा, ख्रिस्ती, घरची भातशेती असलेला. तो कल्याण स्टेशनात साहेबलोकांच्या खाण्याच्या खोलीची कोठी सांभाळी. एकदा फ्रान्सच्या तांबड्या दारूची पेटी भिजून आली आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. कुठली बाटली कुठली, हे चाखून ठरवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"माझ्या एकट्याच्या जिभेवर भरवसा नाही रे," तो म्हणाला. "तू ये. तुझं नाक तिखट आहे."

दुपारच्या वेळी कोठीमागच्या पडवीत आम्ही बसलो. मी जन्मात कधी दारू तोंडाला लावली नव्हती. पहिली पातळ, आंबटसर लागली. दुसरी जांभळासारखी जीभ धरून बसली. तिसरीला मात्र ओल्या लाकडाचा वास होता आणि त्यामागून किंचित करपलेल्या गुळाचा. मी प्याला पुन्हा पुन्हा नाकाशी नेला. मित्र हसला. म्हणाला, "बरोब्बर ओळखलीस. ही सगळ्यांत जुनी."

कुणीतरी आम्हाला पाहिलं. आठ दिवसांत माझ्या चुलत्यांनी मला पंगतीतून उठवलं. ते आमच्या जातीच्या पंचांत मुख्य होते. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी स्वतः मुलाकडे माणूस पाठवून माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. बहीण रडली नाही. लग्नासाठी काढलेली लुगडी तिने घडी घालून पेटीत ठेवली आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

मी चुलत्यांच्या पायांवर डोकं ठेवायला गेलो. ते जेवून झोपाळ्यावर बसले होते. काकूंनी त्यांच्या हातात चांदीची वाटी दिली.

"द्राक्षासव," ते म्हणाले. "वैद्यांचं. बोल, काय काम काढलंस?"

मी वाकलो तेव्हा वाटी माझ्या नाकाजवळ आली. ओलं लाकूड, करपलेला गूळ. मी सरळ उभा राहिलो. "काही नाही, काका," म्हणालो आणि घरी आलो. बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

प्रायश्चित्त ठरवायला सभा भरली ती देवळाच्या ओसरीवर. सगळी जात जमावी म्हणून मीच दारोदार जाऊन निमंत्रणं दिली होती. पाप्याची ती नम्रता पाहून लोकांना माझं कौतुक वाटलं.

"सांग सगळ्यांना," चुलते म्हणाले, "कशी लागली ती घाण?"

मी सावकाश सांगितलं. पहिली सांगितली, दुसरी सांगितली. "आणि तिसरी," मी म्हणालो, "काका जेवणानंतर चांदीच्या वाटीतून घेतात, ती."

मग एका वृद्ध पंचाने त्यांच्या घरून बाटली मागवली. ती आली. वरच्या चिठ्ठीवर वैद्याच्या अक्षरात द्राक्षासव लिहिलेलं होतं, पण बुचावर परकी अक्षरं डागलेली होती. बाटली हातोहात फिरली. चुलत्यांची मान खाली गेली, आणि ती वर येईपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. शेजारी शेजारी पाटांवर बसून आम्ही दोघांनी पंचगव्य घेतलं. दोघांच्याही मिशा उतरल्या. ते पुन्हा पंचांत बसले नाहीत.

मी धावत स्टेशनात गेलो आणि मित्राला सगळं रंगवून सांगितलं. तो हसला नाही.

"अरे, ती दारू डॉक्टरने औषध म्हणून लिहून दिली होती," तो म्हणाला. "तुझ्या काकांच्या छातीत कळा येतात. दर महिन्याला त्यांचा गडी वैद्याकडची रिकामी बाटली घेऊन येतो, मी ती भरून आमचंच बूच लावून देतो. मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"हो, थांबवलं असतं."

चुलत्यांनी त्यानंतर ते औषध घेतलं नाही. पुढच्याच थंडीत ते गेले. काकूंनी मला खांदा देऊ दिला नाही. बहिणीचं लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण तीही मला म्हणाली, "दादा, तू फार केलंस."

मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळतं. इतकी वर्षं मी वाट पाहिली. अजून वाटलेलं नाही.