तळटीप एकशे सत्तेचाळीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे – तसला हलकेपणा मला नकोच आहे.

मी बारामतीत इतिहास शिकवतो. माझा प्रबंध जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या पूजेवर. ज्यू याजकांचे, म्हणजे पुजाऱ्यांचे, चोवीस वर्ग, प्रत्येकाची आठवडाभर पाळी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या नावाचा याजक धूप जाळायला आत जातो, तो आपल्या पाळीतच. इंदापूरकडच्या माणसाला हे कुठून सुचलं, असं लोक हसून विचारत. पण आमच्या घराकडे गावच्या देवळाची पाळी आहे. मला पाळी कळते – वाटायचं, पुस्तकवाल्यांपेक्षा जास्तच कळते.

प्रबंधात तीनशे बारा तळटिपा. प्रत्येक दोनदा तपासलेली. प्रत्येक? – नाही.

एका ठिकाणी अडलो होतो. पाळीच्या आठवड्यात याजकाच्या घरी मृत्यू झाला, तर हुकलेली पाळी त्याला पुढे मिळे का? मला उत्तर सापडेना. वडिलांजवळ सहज बोललो. तात्या म्हणाले, "सुतकात पाळी दुसऱ्या घरानं करायची, न् त्यांच्या पाळीला आपुन उभं ऱ्हायचं. तितं काय येगळं आसंल? ती बी माणसंच हायती न्हवं?"

मी ते लिहून टाकलं – जेरुसलेमची रीत म्हणून. खाली, एकशे सत्तेचाळिसाव्या तळटिपेत, आधार दिला एका हिब्रू भाष्याचा, पान क्रमांकासकट. ते भाष्य मी कधी उघडलंच नव्हतं. मला हिब्रू वाचता येत नाही. बारामतीहून कोण जातंय बघायला?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. हेही लिहून ठेवतो.

वैशाली कळंबची, माझी संशोधक विद्यार्थिनी. तिने त्याच टिपेवर आपलं प्रकरण उभं केलं, आणि मूळ वाचायचं म्हणून हिब्रू शिकली. दोन वर्षं.

"सर, त्या पानावर तसलं काहीच नाही हो. मी अक्षर न् अक्षर लावलं."

"नीट शोध," मी म्हणालो.

तीन वेळा म्हणालो. चौथ्यांदा ती आलीच नाही. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज तेवढा सहीला आला. कारण – 'माझे हिब्रूचे ज्ञान अपुरे आहे.' मी सही केली.

तरुण होतो, नोकरी अडली होती, मार्गदर्शक घाई करत होते – ही कारणं मला पाठ आहेत. एकही चालणार नाही. माझ्या वतीने तुम्हीही काढू नका. मित्र म्हणतील, निवृत्तीला नऊ वर्षं राहिली, आता कशाला उकरता? उकरणार. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र तयार आहे, आज टपालात पडेल. पदवी काढून घ्यायची तर घ्यावी. मी बचावाला उभा राहणार नाही.

त्या अर्जातलं कारण खोटं होतं, आणि सही करताना ते मला एकट्यालाच माहीत होतं. वैशालीचं हिब्रू पुरेसं होतं. तिने ते पान बरोबर वाचलं होतं.